टेस्ट केली नव्हती का?

परवा नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मांडवात माझी भाची अक्षता वाटत होती. नऊ वर्षांची आहे. डाऊन सिंड्रोम आहे तिला. टोपली घेऊन एकेकासमोर थांबायची, चिमूटभर अक्षता हातावर ठेवायची आणि समोरचा "थँक्यू" म्हणेपर्यंत जागची हलायची नाही. एका बाईंनी तिच्याकडून अक्षता घेतल्या, कौतुकानं गालाला हात लावला. ती पुढे सरकली तशा माझ्या ताईला म्हणाल्या, "तेव्हा टेस्ट केली नव्हती का गं? आता तर सगळं आधीच कळतं."

ताई हसली, "नव्हती केली" म्हणाली आणि जेवणाच्या मंडपाकडे निघून गेली.

बाई वाईट नाहीत. शिकलेल्या आहेत, प्रेमळ आहेत, अडीअडचणीला धावून येणाऱ्या आहेत. म्हणून तर चार दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. आज लिहूनच टाकतो. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हा वाचा. पण वाचा.

मी लॅबवाला माणूस आहे, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. तालुक्याच्या गावात रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब चालवतो. डबल मार्करची सॅम्पल्स आम्ही घेतो आणि मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतो. दोन-तीन दिवसांत पीडीएफ येते, ती प्रिंट काढून पेशंटच्या हातात देतो. म्हणजे ज्या कागदावरून पुढचं सगळं रामायण सुरू होतं, तो कागद माझ्या काउंटरवरून जातो. इथे जे प्रसंग सांगतोय त्यांतले तपशील बदललेत, कुणी ओळख शोधत बसू नका.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर अर्धे लोक इथेच कॉमेंटमध्ये भांडायला लागतील. मी टेस्टच्या विरोधात नाही. गर्भपाताच्याही विरोधात नाही. पोटात बाळ कुणाच्या असतं, नऊ महिने कोण काढतं, जन्मभर कोण बघतं? निर्णय तिचाच. ज्यांनी रिपोर्ट बघून गर्भपात केला त्यांना पापी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तसं म्हणणाऱ्यांपैकी एकानंही ताईच्या मुलीला एक दिवस सांभाळलेलं मी बघितलं नाही.

माझं भांडण वेगळं आहे. आपण ज्याला "पालकांचा निर्णय" म्हणतो, तो आपल्याकडे बहुतेक वेळा निर्णय नसतोच. चिठ्ठीवर लिहिलेली एक ओळ, इंग्रजीतला एक कागद आणि दोन मिनिटांची भीती, एवढ्यावर तो होऊन जातो.

सुरुवात चिठ्ठीपासून करू. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी होते, तिच्यात बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात. एनटी म्हणतात ती. सोबत डबल मार्कर. ११ ते १४ आठवड्यांच्या मधे हे करायचं असतं. सीबीसी, शुगर, एचआयव्ही, थायरॉइड आणि त्याच रांगेत डबल मार्कर. बाई येते, हात पुढे करते. कसली टेस्ट आहे म्हणून विचारलं तर दहातल्या आठ जणी म्हणतात, "बाळाची वाढ बघायची असते ना?" एक-दोघी आवाज खाली आणून विचारतात, "यात मुलगा-मुलगी कळतं का?" डाऊन सिंड्रोम हा शब्द फार थोड्या जणींनी ऐकलेला असतो. आणि खरं सांगतो, मीही फॉर्म पुढे सरकवून "इथे सही करा ताई" एवढंच म्हणत आलोय. एक जण सही करता करता म्हणाली होती, "मला करायचीच नव्हती, सासूबाईंनी सांगितलंय." मी सही घेतली आणि सुई टोचली. माझाही त्यात हात आहे, हे कबूल करतो.

मग रिपोर्ट येतो. कोपऱ्यात ठळक अक्षरांत हाय रिस्क, आणि शेजारी आकडा. समजा १:१९०. नवरा काउंटरला हात टेकवून विचारतो, "पॉझिटिव्ह आलीय म्हणजे आता खाली करायचं का?"

अहो, १:१९० म्हणजे काय? असा रिपोर्ट आलेल्या १९० बायका एका रांगेत उभ्या केल्या, तर त्यांच्यापैकी साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. १८९ जणींच्या बाळांना नसेल. साधारण १:२५० च्या अलीकडचा आकडा आला की रिपोर्ट हाय रिस्क दाखवतो, बस. ही चाळणी आहे, निदान नाही. एनटी आणि डबल मार्कर मिळून डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या ८५-९० गर्भांवर बोट ठेवतात, हे खरं. पण ज्यांच्यात काहीच नाही अशा शंभरातल्या पाचेक जणींनाही उगाच घाबरवतात. आणि लो रिस्क आला म्हणजे शंभर टक्के नाही, असंही नाही.

अजून एक आतली गोष्ट सांगतो. हा आकडा मशीन आकाशातून आणत नाही. आईची जन्मतारीख, वजन, गर्भ किती आठवड्यांचा, एनटी किती, डायबेटिस आहे का, हे सगळं घालून तो काढतात. वजनकाटा बंद आहे म्हणून "अंदाजे ५५ लिहा" असं झालं, किंवा सोनोग्राफीची तारीख चुकली, तर आकडा बदलतो. फॉर्मवरच्या एका चुकीनं एखादं जोडपं आठवडाभर झोपत नाही.

याच्या पुढची पायरी एनआयपीटी. आईच्याच रक्तातून, दहाव्या आठवड्यानंतर. ती डबल मार्करपेक्षा कितीतरी अचूक आहे, पण दहा-वीस हजारांच्या घरात जाते, आणि तीही चाळणीच. नक्की सांगणारी तपासणी म्हणजे गर्भजल काढून गुणसूत्रं बघणं. ती साधारण सोळाव्या आठवड्यापासून होते, तिच्यात गर्भपाताचा धोका शंभरात एकाहून कमी असतो, आणि पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. हिशेब करा. ज्या बाईला तिसऱ्या महिन्यात कुणी सांगितलंच नाही, जी पाचव्या महिन्यात पहिल्यांदा मोठ्या दवाखान्यात गेली, तिच्या हातात पक्कं उत्तर येईपर्यंत बाविसावा-तेविसावा आठवडा उजाडतो. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, एचआयव्ही, शुगर, लघवी होते. डबल मार्कर नेहमीच्या यादीत नसते. म्हणजे पैसेवालीला अर्धवट माहिती आणि भीती, गरिबाच्या बाईला तेही नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातलीच ३७ वर्षांची एक बाई सुप्रीम कोर्टात गेली होती. पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचं कळलेलं, गर्भ २६ आठवड्यांचा. तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवडे होती. कोर्टानं परवानगी नाकारली. २०२१ मध्ये कायदा बदलला. ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं त्याच्याही पुढे. बरं झालं. पण नाकारल्यानंतर त्या बाईचं आणि त्या बाळाचं काय, हे विचारायला मात्र कुणी राहिलं नाही. बातमी तिथेच संपली. आपल्याकडे सगळी चर्चा "ठेवायचं की नाही" इथपर्यंत येते आणि थांबते. ठेवलं तर काय, हा धडा पुस्तकात नाहीच.

पालक काय विचार करतात, हे मी जवळून बघितलंय. एक जोडपं आठवतं. दोघंही कंपनीत कंत्राटी कामाला. त्यांनी घाई केली नाही, उधारी करून गर्भजलाची तपासणी केली, पक्कं झालं, आणि गर्भपात केला. काही महिन्यांनी बाई दुसऱ्या तपासणीला आली तेव्हा आपणहून म्हणाली, "दादा, आम्ही दोघं गेल्यावर त्याला कोण बघणार होतं? दीर तर आत्ताच बोलत नाहीत." मी काय बोलणार? तिला मूल नको होतं असं नाही. ते एकटं पडेल याची तिला भीती होती. ही भीती गुणसूत्रातून येत नाही. तुमच्या-माझ्यातून येते.

दुसऱ्या टोकाला घरातली माणसं. "आमच्या घराण्यात असलं काही नाही, हिच्याच माहेरचं असणार." "ग्रहण पाळलं नसेल." ऐका एकदा. डाऊन सिंड्रोम म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची. १९५९ मध्ये कारण सापडलंय, साठ-पासष्ट वर्षं झाली. बहुतेक वेळा तो पेशी विभागताना झालेला योगायोग असतो, घराण्याशी त्याचा संबंध नसतो. अगदी थोड्या केसेसमध्ये तो आई-बापाकडून येतो, आणि तो बापाकडूनही येऊ शकतो. ग्रहणात भाजी चिरल्यानं तर काहीच होत नाही. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं, पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण पोरं जास्त होतात ती तरुण बायकांनाच. त्यामुळे अशी बरीच बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. माझी ताई २७ वर्षांची होती.

आता माझी कबुली. भाची झाली त्या दिवशी दवाखान्यात कुणीतरी ताईला सांगितलं, "मंगोल बेबी आहे." बस, एवढंच वाक्य. मी धावत गेलो. ती बाळाला घेऊन बसली होती, आणि मी लॅबवाला शहाणा भाऊ, पहिलं वाक्य काय बोललो? "ताई, डबल मार्कर केली नव्हतीस का?"

तिनं वर बघितलं. म्हणाली, "केली असती तर काय रे?"

मला उत्तर आलं नाही. समोर बाळ होतं, दोन तासांचं. त्याच्यासमोर बसून मी विचारत होतो की हे येणार नाही याची व्यवस्था का केली नाहीस. या प्रश्नाचा दुसरा अर्थ निघत नाही. लग्नातल्या त्या बाईंच्या प्रश्नाचाही नाही. आणि भाचीला आता बऱ्यापैकी समजतं बरं का. आपल्याबद्दल बोलतायत हे तिला लगेच कळतं.

मी ज्यासाठी एवढं लांबण लावलं तो मुद्दा हा. टेस्ट हा हक्क म्हणून आली. तो हक्क बघता बघता कर्तव्य होऊन बसलाय. आज टेस्ट न करणारी बेजबाबदार. करून बाळ ठेवणारी तर वेडीच. उद्या ताईसारखी एखादी शाळेत, बँकेत, सरकारी ऑफिसात मदत मागायला गेली, की तोंडावर म्हणणार, "तुम्हाला आधी कळलं होतं ना? मग आता आम्ही काय करायचं?" हे मी कल्पनेनं लिहीत नाही. एका शाळेत तिला अगदी याच सुरात ऐकवलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वयाच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. शाळा म्हणाली, "इतर पालक तक्रार करतील." तिसऱ्या शाळेनं घेतलं. तिथल्या बाईंचे उपकार आहेत. पण हक्काची गोष्ट उपकार म्हणून घ्यावी लागते, हेच तर दुखणं आहे.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. गर्भजलाची तपासणी आली होती आजार शोधायला. ऐंशीच्या दशकात तिचा धंदा झाला मुली शोधायचा. आत्ता थोडा खर्च करा, पुढचा हुंड्याचा खर्च वाचेल, असा हिशेब उघड मांडला जात होता. कार्यकर्त्या रस्त्यावर आल्या, आणि १९८८ मध्ये देशातला असा पहिला कायदा आपल्या राज्यानं केला. मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मलाही कळतं. मुलगी असणं हा आजार नाही. डाऊन सिंड्रोममध्ये निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, थायरॉइड असतो, शिकणं हळू असतं, आयुष्यभर कुणीतरी लागतं. ताईला विचारा, ती काही गोड गोड सांगणार नाही. पण एक गोष्ट सारखी आहे. तेव्हाही आपण हुंडा तसाच ठेवून मुलगी काढायला निघालो होतो. आताही शाळा, थेरपी, आधार यातलं काही न सुधारता मूल न येण्याची सोय तेवढी चोख केली आहे.

आणि त्याच १९९४ च्या कायद्यात काय लिहिलंय? गर्भजलासारखी तपासणी करायच्या आधी तिचे परिणाम त्या बाईला समजावून सांगायचे, आणि तिला समजेल त्या भाषेत लेखी संमती घ्यायची. सल्ला देणाऱ्या जेनेटिक समुपदेशन केंद्रांची सोयही त्याच कायद्यात आहे. मुलगा-मुलगीच्या बोर्डापलीकडचा हा भाग किती ठिकाणी पाळला जातो, ते तुम्हीच आठवून बघा.

कुणीतरी म्हणेल, डेन्मार्कमध्ये तर सगळ्या सोयी आहेत, २००४ पासून सगळ्या गरोदर बायकांना ही तपासणी देऊ करतात, आणि तिथेही निदान झालेले बहुतेक पालक गर्भपातच निवडतात. मग सोयींचं रडगाणं कशाला? प्रश्न बरोबर आहे. सोयी दिल्या की सगळे बाळ ठेवतील, असा माझा दावा नाही. पण तिथल्या आईला निदान माहीत असतं की ठेवलं तर शाळा आहे, उपचार आहेत, मोठेपणी राहायला जागा आहे. एवढं असून ती नको म्हणाली तर तो खरा तिचा निर्णय. आपल्याकडची आई नको म्हणते तेव्हा ती मुलाला नको म्हणतेय की आपल्या शाळांना, आपल्या नातेवाइकांना, आपल्या नजरांना, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

आणि सोयींनी फरक पडतो हो. अमेरिकेत १९८३ च्या सुमाराला डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं. आज ६० च्या आसपास आहे. गुणसूत्र तेच. हृदयाची ऑपरेशनं व्हायला लागली, पोरांना संस्थांत डांबणं बंद झालं. आपल्याकडेही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. भाचीच्या हृदयाचं ऑपरेशन त्यातूनच झालं, एक पैसा लागला नाही. चांगलं ते चांगलं म्हणायला पाहिजे. पण त्याच कार्यक्रमातल्या जिल्ह्याच्या केंद्रावर थेरपीला जायचं तर ताईचा अख्खा दिवस जातो आणि पोचल्यावर कळतं, स्पीच थेरपीची जागा रिकामी आहे. राज्यानं २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. आनंद आहे. पण अठरा वर्षांची झाल्यावर भाची दिवसभर कुठे जाणार, याचं उत्तर आमच्या तालुक्यात आजही कुणाकडे नाही.

आपण मात्र २१ मार्चला स्टेटसवर वेगवेगळ्या रंगांचे मोजे टाकतो. गौरी गाडगीळवरचा 'यलो' बघून रडतो, 'सितारे जमीन पर'ला टाळ्या वाजवतो. आणि लग्नात विचारतो, टेस्ट केली नव्हती का.

फार मोठ्या मागण्या नाहीत माझ्या.

डॉक्टर मंडळी, चिठ्ठीवर डबल मार्कर लिहिण्याआधी पाच मिनिटं मराठीत सांगा की ही कशाची आहे, आणि नको म्हणायचाही तिला हक्क आहे. हाय रिस्क आलं तर "पुढची तपासणी केल्याशिवाय काही ठरवू नका" हे वाक्य नवऱ्याला आणि सासूलाही ऐकवा.

निदान पक्कं झालं तर त्या जोडप्याला असं मूल वाढवणाऱ्या एखाद्या कुटुंबाला भेटायची सोय करून द्या. त्यांनी भेटायचं की नाही ते ठरवू दे. ताई तयार आहे. ती "ठेवाच" म्हणणार नाही, मी तिला ओळखतो. ती फक्त खरं सांगेल, रडायच्या रात्रींसकट.

लोकप्रतिनिधींना मत मागायला आल्यावर विचारा, जिल्ह्याच्या केंद्रावरच्या थेरपिस्टच्या जागा कधी भरणार? अठरा वर्षांनंतरच्या मुलांसाठी तालुक्यात एक कार्यशाळा कधी काढणार? रस्ता, गटार विचारतो तसंच.

माझ्यापुरतं मी सुरू केलंय. सोमवारपासून लॅबमध्ये डबल मार्करच्या फॉर्मसोबत मराठीतलं एक पान देतोय. १:१९० म्हणजे काय, चाळणी म्हणजे काय, पुढे काय करता येतं, काय नाही केलं तरी चालतं. गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते तपासून दिलंय. वजनकाटाही नवीन आणलाय, अंदाजे वजन लिहिणं बंद. काल एकीनं ते पान बाकावर बसून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "उद्या येते, नवऱ्याशी बोलून." धंदा एक दिवस लांबला, हरकत नाही.

आणि तुमच्याकडे एकच मागणं. टेस्ट करा, नका करू, बाळ ठेवा, नका ठेवू, तुमचा प्रश्न आहे. पण जन्माला आलेल्या लेकराच्या आईला तो प्रश्न परत विचारू नका. विचारायचंच असेल तर विचारा, "कुठल्या शाळेत जाते?" "आज आमच्याकडे राहू दे का, तू जरा बाहेर जाऊन ये." ताईला नऊ वर्षांत असं विचारणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

पटलं तर शेअर करा. पटलं नसेल तर खाली भांडा, मी उत्तर देईन. फक्त भाचीबद्दल बोलताना जरा जपून. अक्षता तिनं तुमच्यातल्याही काहींच्या हातावर ठेवल्या आहेत.